आधी बरा डोळा

"घोडी गाभण हाय का?"

दवाखान्याच्या ओट्यावर शेळीचं दावं पायाखाली दाबून बसलेल्या लहान्याने विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हा त्याने तोच प्रश्न जरा मोठ्याने शेळीला विचारला.

"गाभण कशाला होल?" देवजी वैतागून म्हणाला. "डोळा दाखवायला आणलीय."

"मंग माघीबायनं ती सोनोग्राफीची पेटी कशाला काढली भायेर?"

"डोळ्याचीच काढणार हायेत."

लहान्याने घोडीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. "डोळ्यात शिंगरू बघताव का काय?"

ओट्यावरची चार-पाच माणसं हसली. माघी गरम पाण्याच्या तपेलीत जेलची बाटली बुडवत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "लहान्या, तुझ्या शेळीचा नंबर आता सगळ्यात शेवटी."

"बाय, मी काय बोललोच नाय."

शेवंती खोड्यात उभी होती. लाकडी ओंडक्यांचा तो खोडा गाईबैलांच्या मापाने बांधलेला, त्यामुळे तिची मान बरीच बाहेर आली होती. शेंगदाण्याच्या सालाच्या रंगाची घोडी. उजवा डोळा पांढरा, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा. डावा मोठा, ओला, काळाभोर. जव्हारच्या सनसेट पॉइंटवर येणारे पर्यटक तिच्याबरोबर फोटो काढत तेव्हा नेहमी डाव्या अंगाला उभे राहत.

केसपेपर

मालकाचे नाव : देवजी. रा. जामसर.

जनावर : घोडी. (छापील यादीत गाय, बैल, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी होते. घोडी शाईने लिहावी लागली.)

वय : "इकणाऱ्या माथेरानवाल्यानं नऊ सांगितलेला. त्याला चार वरसं झाली. पण त्यो खरा बोलला असंल तर."

तक्रार : उजव्या डोळ्यात फूल, दोन वर्षांपासून.

मालकाची विनंती : माणसे बसवण्यास घोडी योग्य असल्याचा दाखला.

निदान :

निदानासमोरची जागा रिकामी होती. दोन रविवारांपूर्वी पॉइंटच्या रस्त्यावर शेवंतीचा पाय कडेच्या चरात गेला होता आणि पाठीवरची सहा वर्षांची मुलगी खोगिरावरून घसरली होती. मागून येणाऱ्या एका पर्यटकाने तिला वरच्या वर झेललं. काही झालं नाही. मुलगी तर परत बसायचं म्हणून रडली. पण पॉइंटवरच्या बाकीच्या घोडेवाल्यांनी त्या संध्याकाळी आपसात ठरवलं, की डॉक्टरचा दाखला आणल्याशिवाय देवजीने घोडी उभी करायची नाही. तेव्हापासून शेवंती जामसरला बांधलेली होती आणि देवजी तिच्यासमोर बसून होता.

डोळ्याबाहेर

माघी मूळची पोशेऱ्याची. दवाखान्यात परिचर. नवऱ्याच्या जागी लागली, त्याला बावीस वर्षं झाली. झाडायचं, सुया उकळायच्या, जनावर धरायचं, एवढं तिच्या कामात लिहिलेलं होतं.

सहा वर्षांपूर्वी सोनोग्राफीची पेटी आली. तेव्हा इथे जयश्री मॅडम होत्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माघीचा हात पाहिला. लहान, बारीक मनगटाचा, पण तासभर गाईच्या आत राहिला तरी न थरथरणारा. "माघी, प्रोब तू धर," त्या म्हणाल्या, "मी स्क्रीन बघते." महिनाभराने त्या म्हणाल्या, "स्क्रीनही तूच बघ. मी सही करते."

नंतर मॅडम मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला गेल्या. त्यांच्यानंतर तीन डॉक्टर आले. पण आजूबाजूच्या पाड्यांवर कुठली गाय गाभण, कुठली फसवतेय, हे मालकाआधी माघीला कळे. तिने गाभण म्हटलेली गाय व्यालीच. सहीचा तिला मोह नव्हता. सही करणारे बदलत होते, हात तोच होता.

आत्ताचे डॉक्टर सुदर्शन. मिरजेकडचे, तिशीच्या आतले, वाचणारे. घोडीचा डोळा त्यांनी बॅटरी लावून पाहिला होता. फुलाच्या पलीकडे बॅटरीचा उजेड जात नव्हता. म्हणून त्यांनी जयश्री मॅडमना फोन लावला आणि मॅडम म्हणाल्या, म्हशीला वापरता तोच प्रोब पापणीवर ठेवा, पांढऱ्याच्या मागचं सगळं दिसेल.

"मावशी, करायचं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"करू की, साहेब. पोटापेक्षा बरं. डोळ्यात शेण नसतं."

प्रोब तिने तीनदा धुतला. मग हातमोज्याचं एक बोट जेलने भरून त्यावर चढवलं. गुंगीचं इंजेक्शन डॉक्टरांनी दिलं. शेवंतीची मान हळूहळू खाली आली, खालचा ओठ लोंबला. माघीने तिच्या डाव्या कानाला लाल दोरा बांधला. ही तिची सवय होती. शिंगाला, कानाला, शेपटीला काहीतरी बांधायचं, म्हणजे नंतर बाजूची गफलत होत नाही.

ती डाव्या डोळ्याशी जाऊन उभी राहिली.

"बाय," देवजी म्हणाला, "डोळा त्या अंगाचा."

"माहीत हाय."

"मंग?"

"आधी बरा डोळा. मॅडमनी सांगितलंय. बरा कसा दिसतो ते माहीत नसल तर वाईट कसा वळखायचा?"

देवजीला ते पटलं. त्याने शेवंतीच्या मानेवर थोपटलं. "बघ, तुझा चांगला डोळा बघतायत. आवडंल त्यांना."

डावा, ० मि.मी.

पापणी मिटलेली. कोमट जेल. प्रोबचा दाब इतकाच, की पापणीला कळेल आणि डोळ्याला कळणार नाही.

स्क्रीनवर ऊन पडत होतं, म्हणून डॉक्टरांनी पेंडीचं रिकामं बारदान डोक्यावरून घेतलं आणि माघीलाही आत ओढलं. बाहेरून पाहणाऱ्यांना एक बारदान आणि त्याखाली चार पाय दिसत होते.

"आता दोघंबी गेले डोळ्यात," लहान्या शेळीला म्हणाला.

डावा, ६ ते १८ मि.मी.

गाईसाठी मशीनची खोली दहा सेंटीमीटर ठेवावी लागते. माघीने ती सहावर आणली होती. वर पापणीची जाड रेघ, मग बुबुळावरच्या काचेची बारीक दुहेरी रेघ, मग काळं पाणी, मग डोळ्यातल्या भिंगाचे दोन कंस, एकमेकांकडे तोंड करून. मध्ये स्वच्छ काळं.

"सुंदर," डॉक्टर पुटपुटले.

माघीलाही ते सुंदर वाटलं. सहा वर्षं ती या स्क्रीनवर काळं शोधत आली होती. काळं म्हणजे पाणी, आणि गाईच्या पोटात पाणी म्हणजे वासरू. काळं दिसलं की ती मागे वळून मालकाकडे पाही आणि तिला काही बोलावं लागत नसे.

डावा, १८ ते ३८ मि.मी.

इथे सगळं काळं असायला हवं होतं.

काळ्यात एक पांढरी रेघ होती. मागच्या भिंतीवरच्या एका ठिपक्यातून निघून ती दोन्हीकडे फाकत वर आली होती. बगळा पंख उचलून उडायच्या बेतात असावा तशी. गुंगीत शेवंतीचा डोळा पापणीखाली किंचित हलला. डोळा थांबला, तरी रेघ हलत राहिली, ओढ्यातल्या शेवाळासारखी.

"साहेब."

"हं."

"हे काय?"

"मशीनचा उजेड जास्त झाला असेल."

त्यांनी बटण खाली घेतलं. काळं आणखी काळं झालं. रेघ तशीच राहिली. माघीने प्रोब आडवा केला. रेघ होती. उभा केला. रेघ होती.

चाळीस दिवसांच्या गाभण गाईत असंच काहीतरी पाण्यात तरंगताना दिसतं. वासराभोवतीचा पापुद्रा. तिथे ते हलताना पाहून माघीला दरवेळी बरं वाटे. या डोळ्यात तरंगायला काही नको होतं.

"काय झाला?" बारदानाबाहेरून देवजीचा आवाज आला. "बरा हाय ना?"

"थांब जरा," माघी म्हणाली.

डावा, ३८ मि.मी.

इथे डोळ्याचा पडदा भिंतीला चिकटलेला असतो. इथे तो नव्हता.

उजवा

तिने प्रोबवरचं हातमोज्याचं बोट बदललं, हात धुतले आणि खोड्याला वळसा घालून पलीकडे गेली. डॉक्टर बारदान घेऊन मागोमाग आले.

० मि.मी. वरची काच जाड, खडबडीत, पांढरी. हेच ते फूल.

६ ते १८. भिंगाचे दोन कंस. जागेवर. मधलं स्वच्छ.

१८ ते ३८. काळं. माघीने प्रोब डावीकडे कलवला, काळं. उजवीकडे, काळं. आडवा, उभा, तिरपा, सगळीकडे काळं, खोल विहिरीसारखं.

३८. परातीच्या काठासारखी एकसंध, गुळगुळीत, गोलसर रेघ. चिकटलेली.

बारदानात पेंडीचा वास होता. मग डॉक्टर म्हणाले, "मावशी, बाजू तर उलटी झाली नाही ना आपली?"

माघीने बारदानातून डोकं बाहेर काढून शेवंतीच्या कानाकडे पाहिलं. लाल दोरा पलीकडच्या कानाला होता.

फोन

"प्रोब माघीने धरला होता का?" जयश्री मॅडमनी पहिलं हेच विचारलं. डॉक्टरांनी दोन्ही चित्रफिती पाठवल्या होत्या आणि फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"मीच होते, मॅडम."

"मग शंका नाही. माघी, डाव्याचा पडदा पूर्ण सुटलाय. तो डोळा गेला, त्याला काही करता येणार नाही. उजव्याच्या मागचं सगळं जागेवर आहे. फुलाच्या कडेने थोडी फट दिसतेय का?"

"खालच्या अंगाला आहे. नखाएवढी."

"मग त्या नखाएवढ्या फटीतून बघत असेल ती. तो डोळा जपा. सुदर्शन, मी मलम सांगते ते लिहून घे. आणि फूल खरवडून पातळ करता येतं का ते बघायला तिला इथे आणा. मी स्वतः बघते."

"मॅडम," माघीने विचारलं, "डावा कधी गेला असेल?"

"ते मशीन सांगत नाही गं. कुठे सुटलाय ते सांगतं. कधी, ते नाही."

दीड तास

गुंगी उतरायला दीड तास लागणार होता. डॉक्टरांनी देवजीला खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं. देवजीने ऐकून घेतलं आणि मान हलवली, ऐकल्याची, पटल्याची नव्हे. डॉक्टर आत गेल्यावर तो माघीकडे वळला.

"साहेब चांगलाय. पण नवीन हाय."

"मशीन मी धरलेला."

"तं मशीन बिघडला असंल." त्याने शेवंतीकडे बोट केलं. "त्या डोळ्यात मी रोज सकाळी माझा तोंड बघतो, बाय. आरशावानी. पागोटा त्यातच बघून बांधतो. आणि तू बोलतेस त्यो डोळा गेला."

"तुला तुझा तोंड दिसतो. तिला नाय दिसत."

देवजी उठून घोडीपाशी जाऊन बसला. त्याने फडक्यातली नागलीची भाकर काढली, अर्धी मोडली, आणि खाल्ली नाही.

माघी आत कपाटापाशी गेली. जुन्या केसपेपरांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले होते. तिला हवा होता तो कागद सापडायला वेळ लागला नाही, कारण गठ्ठे तिनेच बांधले होते. दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. घोडी, देवजी, जामसर. उजव्या डोळ्यात फूल. औषध, मलम. तेव्हाच्या डॉक्टरांची सही. आणि खाली मागाहून, तिच्या स्वतःच्या अक्षरात: *घोडीस उजव्या बाजूने चालवणे.*

तो सल्ला डॉक्टरांचा नव्हता. डॉक्टर निघून गेल्यावर फाटकापाशी उभ्या देवजीने विचारलं होतं, "आता हिला कशी चालवू?" आणि माघीने क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं. पोशेऱ्याला तिच्या बापाकडे एक काणा बैल होता. काणा बैल जोडीत जुंपताना फुलाचा डोळा आतल्या अंगाला घेतात. आत जोडीदार असतो, तो सांभाळून घेतो. बरा डोळा बाहेर राहतो, चर, दगड, बांध पाहायला. नांगर धरणाऱ्या पोरालाही हे माहीत असतं. घोडीला जोडीदार नव्हता, म्हणून माघीने देवजीला जोडीदार केलं. फुलाच्या अंगाला तू चाल, देवजीदादा. बरा डोळा मोकळा ठेव.

सगळे घोडेवाले घोड्याच्या डाव्या अंगाने चालतात. देवजी दोन वर्षं उजव्या अंगाने चालला. पॉइंटवरचे त्याला हसले, तरी चालला, कारण माघीबायने सांगितलं होतं. आणि शेवंतीचा आंधळा डावा डोळा दोन वर्षं चराच्या बाजूला राहिला.

तो आंधळा होऊन दोन वर्षं झाली असतील. सहा महिनेही असतील. ते मशीन सांगत नव्हतं. पण त्या दिवशी तिने बऱ्या डोळ्याकडे पाहिलंही नव्हतं, एवढं तिला नक्की सांगता येत होतं.

माघीने कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. मग काढला, आणि आजच्या केसपेपरला टाचणीने मागे लावला.

बादली

आवारात माघीने एक लोखंडी बादली पालथी घातली आणि तिच्या पलीकडे मोडक्या खुर्चीचा सांगाडा आडवा टाकला. शेवंती आता जागी होती, शेपटीने माश्या हाकलत होती.

"देवजीदादा, तुझा विश्वास नाय ना? मग तूच धर." तिने आपला पंचा पाण्यात भिजवून पिळला. "फुलाच्या डोळ्याला तिला काय दिसत नाय, बरोबर?"

"बरोबर."

"मंग तो बांधला तं तिला काय फरक पडायचा नाय. बरोबर?"

"बरोबर."

माघीने पांढऱ्या डोळ्यावरून पंचा बांधला. देवजीने कासरा सैल धरून पुढे चालायला सुरुवात केली. शेवंतीने एक पाऊल टाकलं आणि ती थांबली. देवजीने चुचकारलं. तिने दुसरं पाऊल टाकलं, फार उंच उचलून, पाण्यात उतरावं तसं. काळाभोर, ओला, सुंदर डावा डोळा सताड उघडा होता. तो सरळ बादलीकडे रोखलेला होता आणि तिचा पाय सरळ बादलीवर गेला.

बादली खणखणत गडगडली. शेवंती चारही पाय रोवून उभी राहिली. तिच्या खांद्यावरची कातडी थरथरत होती. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. लहान्याही.

"सोड," देवजी हलक्या आवाजात म्हणाला. "सोड गं तिला."

माघीने पंचा सोडला आणि डाव्या डोळ्यावर बांधला. बादली परत पालथी घातली, जागा बदलून. शेवंतीने मान खाली घेतली, पांढरा डोळा तिरका करून जमिनीकडे लावला, खुर्चीला वळसा घातला, बादलीला वळसा घातला आणि देवजीच्या छातीशी येऊन त्याच्या हातातली अर्धी भाकर खाल्ली.

"मेले," लहान्या शेळीला म्हणाला, "बगितलास?"

दाखला

डॉक्टरांच्या टेबलावर दाखल्याचा कागद होता. डॉक्टर पेन उघडून बसले होते. सकाळी देवजीने त्यांना तीनदा सांगितलं होतं, साहेब, मी धरून चालवीन, सोडणार नाय, दाखला तेवढा द्या. आता तो उभा होता, पागोटं हातात घेऊन.

"देवजीकाका, मी तुम्हाला..."

"नको लिहू, साहेब." देवजीने तो कागद उचलला, बरोबर मधे घडी घातली आणि डॉक्टरांच्याच हातात दिला. "कोणाचा तरी लेकरू बसतो वर. झेलणारा रोज मागं नसतो."

"पण तिला मुंबईला न्यायचं. उजवा डोळा..."

"न्यायची ना. मॅडम बोलल्या ती तारीख सांग. डोळ्यासाठी न्यायची. दाखल्यासाठी नाय."

माघी दारात उभी होती. ती पुढे आली आणि केसपेपर टेबलावर पालथा ठेवला, मागचा जुना कागद वर येईल असा.

"साहेब, हे वाचा. माझं अक्षर आहे." मग देवजीकडे वळून, "दादा, उजव्या अंगानं चाल असं मी सांगितलेलं. बैलाचा हिशेब घोडीला लावला. बरा डोळा तपासला नाय. तुझी घोडी चरात गेली ती माझ्या सांगण्यानं."

डॉक्टरांनी कागद वाचला आणि खाली पाहिलं. बावीस वर्षांत माघीने या खोलीत अशी चूक कोणी कबूल केलेली पाहिली नव्हती. तिचा आवाज स्थिर होता. हातही स्थिर होते, ते तिने मुद्दाम पाहिलं.

देवजी बोटांनी पागोट्याची कड चाचपत राहिला.

"म्हंजे," तो शेवटी म्हणाला, "त्या अंगाला तिला दिसायचा."

"थोडा थोडा. खालच्या फटीतून."

"आणि त्या अंगाला मीच होतो."

"हां."

"म्हंजे दोन वरसं ती मलाच बघत चालली."

देवजीने पागोटं डोक्यावर चढवलं. बांधायला समोर डोळा नव्हता, त्यामुळे ते थोडं तिरपं बसलं.

केसपेपरवरची निदानाची जागा डॉक्टरांनी भरली. सल्ल्याची ओळ रिकामी ठेवून त्यांनी पेन माघीपुढे धरलं. "मावशी, ही तुम्ही लिहा."

तिने पेन घेतलं. जुनी ओळ खोडली नाही. नव्या कागदावर लिहिलं: *घोडीस डाव्या बाजूने चालवणे. दोन्ही डोळे पाहिले आहेत.* आणि खाली पहिल्यांदाच आपलं नाव.

रस्ता

जामसरचा रस्ता दवाखान्याच्या फाटकासमोरून उताराला लागतो. माघी फाटकापर्यंत पोचवायला आली. देवजीने सवयीने कासरा उजव्या अंगाला घेतला, थबकला, घोडीच्या तोंडापुढून वळसा घालून डाव्या अंगाला आला. चराच्या बाजूला.

शेवंती निघाली नाही.

तिने मान उजवीकडे वळवली. जिथे रोज एक पागोटं असे, तिथे रस्ता होता आणि रस्त्यावरून मोखाड्याकडे जाणारी एक जीप. तिने मान आणखी वळवली, सगळीच्या सगळी, पांढऱ्या डोळ्याने मागे, खाली, परत पुढे पाहिलं. देवजी तिच्या गळ्याला खेटून उभा होता आणि ती त्याला शोधत होती.

"चल गं," तो म्हणाला.

तिचे कान आवाजाकडे वळले. पाय हलले नाहीत. देवजी परत उजव्या अंगाला गेला. शेवंती लगेच चालू लागली. चार पावलांनी तिचा डावा पाय चराच्या कडेवर घसरला.

देवजीने तिला आवरलं आणि माघीकडे पाहिलं. पुन्हा तोच प्रश्न, दोन वर्षांपूर्वीचा, त्याच फाटकापाशी. आता हिला कशी चालवू?

या वेळी माघीने घाई केली नाही. तिने घोडीकडे पाहिलं. एका अंगाला चर, दुसऱ्या अंगाला जीप. मग शेवंतीच्या कानांकडे पाहिलं. डाव्या कानाला लाल दोरा अजून तसाच होता.

"चराच्याच अंगानं चाल," ती म्हणाली. "आणि बोलत चाल."

"काय बोलू?"

"काय पण."

"मी कवा बोलतो का इतका? घरात बाईलबी मला बोलते, बोल की, बोल."

"मंग रस्ता सांग तिला. तुला दिसंल तो सांग."

देवजी डाव्या अंगाला आला. घसा खाकरला. ओट्यावरून माणसं बघत होती, म्हणून त्याने तोंड घोडीच्या कानाजवळ नेलं.

"दगड हाय," तो म्हणाला. "हितं दगड हाय मोठा."

कान वळला. शेवंतीने पाय उचलला.

"आता नाय. आता सपाट हाय. चल."

ती चालू लागली. दहा पावलं गेल्यावर तिने एकदा मान उजवीकडे वळवून पाहिलं, कोणी नव्हतं, आणि ती परत आवाजाच्या मागाने चालू लागली. देवजीचा आवाज आधी अडखळत होता, मग जरा मोकळा झाला.

"माघीबाय," ओट्यावरून लहान्या ओरडला, "शेळीचा नंबर आला का आता?"

माघीने मागे न बघता हात वर केला. थांब.

वळणापाशी आधी घोडी दिसेनाशी झाली, मग पागोटं. आवाज येत होता. "मोरी हाय. पाणी नाय तिच्यात. हां. आता उतार, सावकाश. हितं आंब्याची मुळी हाय, पाय वर घे. वर. हां. मी हाय ना हितं. ह्या अंगाला."